पाणचक्की की नळदुर्ग? लेकरं सोबत असतील तर

नदीकाठी थोडं पायी हिंडायचं आणि जुन्या लोकांनी पाण्याकडून कामं कशी करून घेतली ते लेकरांना दाखवायचं, तर आमच्यापुढं दोन नावं होती: छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आणि नळदुर्गचा पाणीमहाल. आम्ही लातूरकर, त्यामुळं नळदुर्ग जवळ; जालन्याच्या माणसानं हे ध्यानात घेऊनच पुढचं वाचावं.

यंत्र म्हणाल तर पाणचक्कीच सरस. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर इथवर यायचं आणि जातं फिरवायचं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांचं, यात्रेकरूंचं दळण त्यावर निघे. हौदाच्या तळाखाली खांबांवर तोललेलं दालनही आहे. लेकरांना सगळं अर्ध्या तासात समजतं.

पण बाहेर पडून खाम नदीच्या काठानं चालावं म्हटलं की माझं डोकं फिरतं. महमूद दरवाजाजवळ रिक्षा, दुचाक्या, हॉर्न. धाकट्याचं मनगट मला तिथं सोडताच आलं नाही. ओढत नेलेलं लेकरू नदी काय बघणार? नदीकाठ आता बराच सुधारलाय म्हणतात, तुमचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

नळदुर्गात किल्ल्याच्या आत शिरलं की रहदारी मागं राहते. बोरी नदीवर, किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा छोटा जोडकिल्ला यांच्यामध्ये, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला १६१३ चा दगडी बांध आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. आतल्या खिडकीसमोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. हे बांधलं कसं, हा प्रश्न लेकरं आपणहून विचारतात. चालायलाही ऐसपैस. उपळी बुरुजापर्यंत आमची पुढं पळाली, आम्ही मागून गप्पा मारत गेलो.

उणं आहेच. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच धबधबा. महालाच्या पायऱ्या अंधाऱ्या, पावसात निसरड्या. बांधाच्या कडेला हात धरावाच लागतो, आणि धबधबा सुरू असतानाच्या रविवारी तर मुंगीला वाट मिळत नाही.

आजीचे गुडघे दुखत असतील तर पाणचक्की बरी. नाहीतर पाऊस चांगला झालेल्या वर्षी, आठवड्याच्या मधल्या वारी, धपाटे-दही बांधून नळदुर्गाकडं निघा. नवरात्र ते कोजागिरी मात्र नको. तेव्हा तुळजापूरकडचे रस्ते पायी निघालेल्या भाविकांनी भरलेले असतात.