‘फोटोतल्यासारखी’ गिटार

बारा तारांच्या जुन्या गिटारीच्या मागे असाल आणि विकणारा एखादा जुना कृष्णधवल फोटो दाखवत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला दाखवलेला फोटो खोटा नव्हता. अस्सल होता, आणि तिथेच मी गाळात गेलो.

जाहिरात ‘स्टेला’ची होती. ऑस्कर श्मिट ही न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीची कंपनी या नावाने स्वस्तातल्या गिटारी काढायची. लेडबेली आणि ब्लाइंड विली मॅकटेल या जुन्या अमेरिकन ब्लूज गायकांच्या हातात दिसते ती बारा तारांची स्टेला. तारा मागच्या टेलपीसला, म्हणजे बॉडीच्या तळाशी बसवलेल्या धातूच्या पट्टीला, अडकवलेल्या, आत आधाराला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या. लेडबेली तर तारा इतक्या खाली उतरवून वाजवायचा की खर्ज पोटात घुमतो. तेव्हा किरकोळ, आता दुर्मीळ. १९३९ मध्ये हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीकडे गेलं आणि पुढे त्याच नावाखाली वेगळ्याच गिटारी निघाल्या. १९६०च्या दशकात तर बारा तारांचीसुद्धा, टेलपीसवालीच. हे सगळं मला आधीपासून पाठ होतं. आता बोला.

फोटो विकणाऱ्याच्या आजोबांचा म्हणे. कोट घातलेला माणूस, मांडीवर गिटार. तीन रात्री मी त्या फोटोत डोकं घालून बसलो होतो. फोटोतली गिटार जवळजवळ काळी, विकायला काढलेली मात्र तांबूस तपकिरी. पण जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग पकडत नाही, त्यामुळे तांबडं ते काळपट येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे शंका मीच काढली आणि मीच तिचं समाधान केलं. विकणाऱ्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

दुसरी शंका तडकलेल्या रेघेची. टेलपीसच्या शेजारी एक लांब चीर फोटोतही होती आणि गिटारीवरही. पण फोटोत ती बारीक तारांच्या बाजूला, गिटारीवर जाड तारांच्या. फोनवर विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “निगेटिव्ह उलटी छापली गेलीय हो. आजोबा डावखुरे होते.” मी तर हरखलोच. डावखुरा वादक, उलटी धरलेली स्टेला! सगळं जुळलं की. गिटार उलटी धरली की जाड तारा खाली जातात, म्हणून उलट्या फोटोत चीर खाली, बारीक तारांच्या नेहमीच्या बाजूला यायला हवी, हे मी कागदावर काढून पाहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

जे पाहायला हवं होतं ते त्याच फोटोत, गिटारीच्या वर दोन बोटांवर होतं. कोटाचा वरचा खिसा. तो डाव्या छातीवर असतो आणि पुरुषांच्या कोटाची डावी पट्टी उजवीवर येते. फोटोत दोन्ही जिथल्या तिथे होतं. फोटो सुलटाच होता, आजोबा उजवेच होते आणि ती गिटार दुसरीच होती.

हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाच्या, फोटोत ‘स्टेला’ स्वच्छ वाचता येत होतं, त्याच्या खालच्या भागावर दिव्याची तिरीप. आतला फोटो मागितला तर म्हणाला, बारा तारा सैल केल्या की जुन्या गिटारीची मान सरकते. थाप! दुरुस्तीला नेली की तारा उतरवतातच. आणि एक तारही न काढता साउंडहोलमधून, म्हणजे बॉडीवरच्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि टॉर्च घालून आतलं बरंचसं दिसतं.

गिटार घरी आली. हेडस्टॉक खिडकीपाशी तिरपा धरला. नावाखाली बारीक सँडपेपर फिरवून वर नवं पॉलिश मारलेलं. तिरप्या उजेडात मात्र खोलगट अक्षरं उमटली: ‘...फोर्स्ड नेक’. हार्मनी आपल्या हेडस्टॉकवर ‘स्टील रिइन्फोर्स्ड नेक’ छापायची, ते हे. मग आरसा आत घातला. पाठीच्या लाकडावर शाईचा पुसट शिक्का, ‘एस–६५’. हार्मनीचे असे शिक्के साल सांगतात. म्हणजे १९६५. टेलपीसचे स्क्रूही फुलीच्या खाचेचे होते. तसले स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे. पण स्क्रू काय, कोणीही बदलतो; त्यावर मी काही ठरवलं नसतं.

त्यानंतर, अर्थातच उशिरा, फोटो पट्टीने मोजला. नट (मानेच्या टोकाची तारा टेकायची पट्टी) ते बारावा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) आणि तिथून ब्रिज (बॉडीवरची घोडी) ही दोन अंतरं गिटारीवर जवळपास सारखी असतात. फोटोतही सारखी आली तर गिटारीचं एक टोक कॅमेऱ्याकडे फारसं कललेलं नाही, लांबी फारशी दबलेली नाही असं ढोबळमानाने समजायचं. ती सारखी आली. मग नट ते ब्रिज या तारेच्या लांबीला बॉडीच्या रुंदीने भागलं. फोटोतल्या गिटारीचं आणि माझ्या गिटारीचं उत्तर जुळेना. पाच मिनिटांचं काम होतं. तीन रात्रींत सुचलं नाही.

विकणाऱ्याला शिक्क्याचा फोटो पाठवला. उत्तर एका ओळीचं: “जाहिरात परत वाचा.” वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘आजोबांच्या फोटोतल्यासारखी बारा तारांची स्टेला’. फोटोतली नव्हे, फोटोतल्यासारखी. “हीच ती” हे तो फक्त फोनवर म्हणाला होता, आणि फोनवरचं बोलणं माझ्याकडे कुठे आहे? जाहिरात जिथे होती तिथे तक्रार केली. त्यांनी तोच ‘सारखी’ माझ्यापुढे ठेवला.

गिटार वाईट नाही. तारा दोन स्वर उतरवल्या की बरी वाजते. आधी मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, आता काढतो कधीमधी.

गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या जाहिरातीत दिसला. या वेळी गिटार वेगळी, आजोबा तेच. ओळख सांगून ठेवतो: कोटाच्या खिशात रुमालाचं टोक, आणि टेलपीसशेजारी बारीक तारांच्या बाजूला लांब चीर. तुम्हाला दिसला तर विकणाऱ्याला एवढंच विचारा, आणि उत्तर लेखी मागा: हीच ती, की हिच्यासारखी?