१९६५ची शेव्हरोले इम्पाला, चार दारं, २८३ इंजिन: १५ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये घेतली, आता जुलै चाललाय. मधले हिवाळ्याचे पाच महिने झाकून ठेवली होती ते सोडले तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाहेर काढतोच, ४,१०० मैल झाले, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटर. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, आजूबाजूला मराठी मंडळी भरपूर, बरेच जण गाड्यांच्याच धंद्यात, आणि गणपतीपासून कोजागिरीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच की अशी जुनी गाडी घ्यावी का, कुठली घ्यावी, झेपते का. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, लांब होणार आहे.

आधी मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पैसे घेऊन बाजारात उतरलात की सगळे तुम्हाला दोन दारवाली, मोठ्या इंजिनाची दाखवतील. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर चार दारवाली घ्या, छोटं व्ही-८ (आठ सिलेंडरचं इंजिन) घ्या, आणि वाचलेल्या पैशातला पहिला डॉलर ब्रेकवर घाला. रंगावर नाही, क्रोमवर नाही, ब्रेकवर.

माझी फोर-डोअर हार्डटॉप आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामध्ये खांबच नाही. चारही काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी. इंजिन २८३ क्युबिक इंच, म्हणजे ४.६ लिटर, दोन बॅरलचा रोचेस्टर कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), कागदावर १९५ हॉर्सपॉवर. हा आकडा त्या काळच्या ग्रॉस पद्धतीचा, इंजिन सुटं टेबलावर ठेवून मोजलेला, १९७२ पासून नेट, म्हणजे सगळं सामान जोडून मोजलेले आकडे द्यायला लागले तेव्हा सगळ्यांचेच आकडे धाडकन खाली आले, त्यामुळे आजच्या गाडीशी तुलना करू नका. गिअरबॉक्स पॉवरग्लाइड, ऑटोमॅटिक, गिअर फक्त दोन. लांबी २१३ इंच, म्हणजे साडेपाच मीटरच्या जवळ. माझ्या गॅरेजमध्ये ती तिरकी लावली तरच दार बंद होतं, घ्यायच्या आधी टेप घेऊन मोजा.

६५ हे साल मुद्दाम शोधलं. त्या वर्षी शेव्हरोलेने मोठ्या गाडीची बॉडी आणि फ्रेम दोन्ही नवीन केली, आधीची एक्स आकाराची फ्रेम जाऊन चारही बाजूंनी फिरणारी आली आणि त्या एका वर्षात इम्पाला दहा लाखांच्या वर विकल्या गेल्या. मागचे तीन-तीन गोल दिवेही मला फार आवडतात, पुढच्या वर्षी ते आडवे झाले. आणि खरं कारण बाबा. त्यांच्या पिढीत इम्पाला म्हणजे श्रीमंतीचा दुसरा शब्दच होता. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, १९५४ला तिथलं काम बंद झालं, त्यानंतर दिसायच्या त्या वकिलातींच्या नाहीतर सिनेमावाल्यांच्या. बाबांनी लहानपणी मिरज स्टेशनबाहेर एक बघितली होती, तिच्या डिकीवर दोन माणसं झोपतील असं ते आम्हाला सांगायचे.

आता ब्रेक. घेतल्यावर पाचव्या आठवड्यात, मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून एकटाच परत येत होतो, सिग्नलला पाय दाबला आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शूज ढकलणारा भाग) फुटला होता. ६५ला मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकेरी आहे, एका चाकाचं ऑइल गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. डाव्या पायाचा पार्किंग ब्रेक दाबत आणि गिअर लोमध्ये टाकत थांबलो, पुढच्या गाडीत आणि माझ्यात एक हात अंतर राहिलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली की मुलं आता त्यात बसणार नाहीत. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. दुहेरी मास्टर सिलेंडर १९६७ पासून आले, तसा बसवून घेतला, पुढे डिस्क बसवले, सगळे रबरी होज आणि लोखंडी पाइप नवीन. सामान आणि मजुरी मिळून २,३०० डॉलर गेले, त्यातही पहिल्या गॅरेजवाल्याने ब्रेकच्या पाइपातली हवा नीट न काढता गाडी हातात दिली, दुसरीकडे नेऊन परत करावं लागलं. विकणारा म्हणेल की ब्रेक मस्त आहेत, आत्ताच शूज बदललेत. तुम्ही बॉनेट उघडून मास्टर सिलेंडरचे कप्पे मोजा. एकच असेल तर बदलायचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

सीट बेल्टच्या पट्ट्यांचंही तसंच. पुढे कमरेचे पट्टे होते, मागे काहीच नव्हतं, मागे मी बसवले. पण खांद्याचा पट्टा लावायचा तर मधला खांबच नाही, छताच्या कडेला मजबुतीचा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागतो. ते काम या हिवाळ्यात करणार, तोवर मुलं मागे बसली असतील तर हायवेला जायचं नाही. ज्या मोकळ्या बाजूसाठी गाडी घेतली तिचीच ही किंमत आहे हे आधी माहीत असलेलं बरं.

चालवायला कशी, तर ताशी ४५-५० मैलांच्या रस्त्याला या गाडीसारखी गाडी नाही. पुढे सलग सोफा, पाय पसरून बसायचं, पॉवर स्टिअरिंग एका बोटाने फिरतं (रस्ता मात्र हाताला अजिबात कळत नाही, सुरुवातीला भीती वाटते), छोटी तिकोनी काच वाऱ्याकडे वळवली की एसीची आठवण येत नाही. पहिला गिअर इतका लांब आहे की गावातल्या गावात अर्धा वेळ त्यातच जातो, मग दुसरा पडल्यावर इंजिन एकदम शांत. हाय बीमचं बटण पायाशी डावीकडे आहे, रात्री समोरून गाडी आली की डावा पाय आपोआप जातो तिकडे. ताशी ६५ मैलांच्या पुढे मात्र वारा घुमतो, दारांच्या रबरातून शिट्टी वाजते. मूळ मापाचे जुन्या पद्धतीचे, तिरप्या थरांचे बायस टायर होते, ते रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेमागे पळायचे, २०५/७५ आर १४चे रेडियल टाकले आणि गाडी सरळ चालायला लागली. अ‍ॅव्हरेज १३-१४ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला सहाच्या आत.

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर आई-बाबा आले होते. बाबांनी मिरजेत वीस वर्षं पद्मिनी स्वतःच्या हाताने सांभाळली, आता ७४ वय, गुडघे दुखतात, पण बॉनेट उघडल्यावर मी वेगळेच बाबा बघितले. पद्मिनीत पॉइंट (उघडबंद होऊन स्पार्क पाडणारी टोकं, त्यांच्यातली फट नेमकी ठेवावी लागते) लावायचे म्हणजे कॅप काढायची, बेल्ट ओढून इंजिन फिरवायचं, पॉइंट पूर्ण उघडले की फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज घालायचं. इथे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपलाच पत्र्याची एक छोटी खिडकी आहे. ती वर सरकवायची, आत १/८ इंचाची अ‍ॅलन की घालायची, आणि इंजिन चालू ठेवूनच स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत न्यायचा, इंजिन अडखळलं की थांबायचं आणि अर्धा फेरा मागे. बस. बाबांना मी एकदा सांगितलं, त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, डोळे मिटले, डावा हात एअर क्लिनरवर ठेवला आणि उजव्या हाताने की फिरवली. मग मी ड्वेल मीटर लावला, पॉइंट किती अंश बंद राहतात ते तो दाखवतो. ३० अंश पाहिजे, काटा ३१ वर. ते खिडकी खाली सरकवून म्हणाले, "अरे, ज्याने हे केलं त्याने कधीतरी स्वतः पॉइंट लावले असणार." या एका दुपारसाठी मी ही गाडी परत घेईन. आज ज्यांच्या हातात पॉइंट, चोक, टॅपेट ही विद्या आहे ती माणसं सत्तरीत आहेत, घरात असतील तर आत्ताच शिकून घ्या.

ऑइल फिल्टर जुन्या डब्याच्या पद्धतीचा आहे, वर एक रबरी रिंग असते, दर वेळी जुनी खरवडून काढायची, ती राहिली आणि तिच्यावर नवी बसली की अंगणभर ऑइल होतं. ऑइल झिंक जास्त असलेलं घ्या, नाहीतर कॅम आणि लिफ्टर झिजतात.

गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो. १९९५ला सुरू झाली, दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा महापूर असतो. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं सिग्नल ते सिग्नल रेस लावायची. आम्ही मात्र रॉयल ओकजवळ उन्हात उभे राहिलो. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, पंपापासून कार्बपर्यंतच्या नळीतच उकळलं आणि गाडी बंद. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवल्यावर सुरू झाली. आता उन्हाळ्यात इथेनॉल नसलेलं टाकतो, नळी इंजिनपासून लांबून नेलीये, आणि तापमानाचा काटा बसवलाय कारण मूळ गाडीत काटा नाही, थंड असताना हिरवा दिवा आणि उकळल्यावर लाल दिवा, मधलं काही कळतच नाही.

तिथेच एका ओळखीच्यांनी त्यांची ६७ची जीटीओ (पाँटिअॅक कंपनीची दोन दारवाली) चालवायला दिली, ४०० क्युबिक इंच, चार गिअर, हाताने टाकायचे. पाय दाबला की मान मागे जाते, तो अनुभव खरंच जबरदस्त आहे, पण ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटांत क्लचने डावा पाय भरून आला आणि मागे आईला बसवायचं तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरावं लागतं. इम्पालात आई साडी नेसून सरळ चालत गेल्यासारखी बसते.

गंजाचं नीट बघा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या काचेखालची पट्टी दाबून बघा, तिथे पाणी साचतं आणि खाली डिकीच्या तळाशी उतरतं. डिकीतलं मॅट उचला, फ्लॅशलाइट मारा. माझ्यात तळाला दोन ठिकाणी बोट जाईल एवढी भोकं होती आणि विकणाऱ्या आजोबांनी ती स्वतःहून दाखवली, म्हणूनच त्यांच्याकडून घेतली. ते फ्लिंटजवळचे, आणि गाडीच्या नंबरातलं अक्षरही एफ, म्हणजे फ्लिंटच्याच कारखान्यातली.

पार्ट्सचं सांगायचं तर इंजिनाचं सगळं मिळतं. अडतं ते चार दारांच्या खास सामानाला. दोन दारवालीचं रबर कोणीही बनवतं, मागच्या दाराच्या काचेच्या रबरासाठी मी सात आठवडे थांबलो. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला घ्या, स्वस्त पडतो. हिस्टॉरिक प्लेट (जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट) मी घेतली नाही, तिच्यावर गाडी शो, परेड, क्लबच्या कार्यक्रमांना न्यायची आणि ऑगस्टमध्ये सूट, मला तर दूध आणायलाही तीच न्यायची असते.

परवा प्लग बदलले. बाबांना मिरजेला फोन लावून स्पीकर बॉनेटजवळ धरला. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "अजून जरा रिच आहे, पेट्रोल जास्त जातंय, मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा आत घे." घेतला.