घरातली जेवणाची ओढाताण मोजायची कशी? इंदूरच्या वस्त्यांसाठी तीन प्रश्नावल्या

परदेशीपुरा किंवा मालवा मिलच्या बाजूच्या वस्त्यांत कामं सुटली, भाव चढले, आणि एखाद्या मंडळाला मदत कुठे लागेल ते ठरवायचं आहे. पात्र कुटुंबांना शिधापत्रिकेवर साधारण माणशी ५ किलो मोफत धान्य मिळतं, त्यामुळे पोळी सहसा टिकते. आधी आटतात डाळ, भाजी आणि दूध. नुसतं ‘उपाशी झोपलात का?’ विचारून हे हाती लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) एफआयईएस, म्हणजे अन्न-असुरक्षिततेच्या अनुभवाची मोजपट्टी: हो-नाहीचे ८ प्रश्न. बाहेरच्या आकड्यांशी ताडायचं असेल तर हीच घ्यावी, मात्र त्यासाठी राश प्रारूप (हो-नाहीच्या उत्तरांवरून टंचाईची तीव्रता काढायची संख्याशास्त्रीय पद्धत) लावणारा जाणकार आणि काही शे घरं लागतात. १२ महिन्यांऐवजी ३० दिवसांचं विचारा, नाहीतर संकटाआधीचे दिवसही त्यात मिसळतात. ‘पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे’ हे शब्द दर प्रश्नाला वाचलेच पाहिजेत. ते गाळले की श्रावणी सोमवारचे उपासही टंचाईत जमा होतात.

जागतिक अन्न कार्यक्रमाची एफसीएस, म्हणजे अन्नसेवनाचे गुण, ताटात काय पडतं ते बघते. गेल्या ७ दिवसांत कोणता गट किती दिवस खाल्ला, त्याला भारांकाने गुणायचं: धान्य-कंद २, डाळी ३, भाज्या १, फळं १, मांस-मासे-अंडी ४, दूध ४, साखर आणि तेल प्रत्येकी ०.५. पोळी, तेल, साखर रोज, भाजी २ दिवस, डाळ १ दिवस असं घर धरा: १४ + ३.५ + ३.५ + २ + ३ = २६. नेहमीच्या २१ आणि ३५ या सीमांनी हे घर ‘काठावर’ ठरतं. पण तेल-साखर रोज खाणाऱ्या लोकांसाठी सीमा २८ आणि ४२ धरतात. तिथे तेच घर ‘निकृष्ट’ गटात जातं. इंदूरला दुसरीच जोडी लावावी. चहातलं दूध आणि पोह्यांवरची चिमूटभर शेव मोजायची नाही. इथेच सर्वेक्षक हमखास घसरतात.

आरसीएसआय, म्हणजे टंचाईत घर कसं भागवतं याचा छोटा निर्देशांक, सर्वांत झटपट. ७ दिवसांपैकी किती दिवस हलकं-स्वस्त खाल्लं (१), नातेवाईक-मित्रांकडून अन्न उसनं आणलं किंवा त्यांच्या मदतीवर भागवलं (२), घास कमी केले (१), मुलांसाठी मोठ्यांनी कमी खाल्लं (३), जेवणाच्या वेळा घटवल्या (१). कंसातल्या भारांकांनी गुणून बेरीज, कमाल ५६; गुण जास्त म्हणजे ओढाताण जास्त. किराणा दुकानातलं महिन्याचं खातं ‘उसनं’ धरू नका, नाहीतर घरटी १४ गुण फुकटचे चढतात. दुसरी खोच जास्त त्रासाची: उसनं देणारेच हात आखडू लागले की गुण उतरतात आणि परिस्थिती सुधारल्याचा भास होतो. म्हणून ही एकटी वापरू नये.

आमचा कौल: दर महिन्याला आरसीएसआय आणि एफसीएस जोडीने, एफआयईएस फक्त सुरुवातीला आणि शेवटी. आरसीएसआय उतरला पण एफसीएस वर आला नाही, तर त्या घरी पुन्हा जा. प्रत्येक फेरी रेशन वाटपापासून तितक्याच दिवसांनी घ्या, आणि नवरात्राचा आठवडा टाळा.