४९९ रुपयांत दोन हजार पॅटर्न : या जाहिरातीला पैसे भरण्याआधी हे वाचा

घरी स्वतःचे कपडे शिवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, आणि ज्या मोबाईलवर जाहिरात बघून पीडीएफ पॅटर्न, म्हणजे कपड्याचे तुकडे बेतायचे कागदी नमुने, विकत घेतात त्यांनी तर नक्कीच वाचा. सध्या 'दोन हजार पॅटर्न फक्त ४९९ मध्ये, लाइफटाइम अ‍ॅक्सेस' अशा जाहिराती सारख्या समोर येतायत. त्यातल्याच एका पेजने मला फसवलं. ४९९ रुपये गेले त्याचं फार नाही, पण त्या पॅटर्नवर बेतलेलं माझं हातमागाचं इकत कापड गेलं, ते परत मिळणार नाहीये.

रोजचे ऑफिसचे कुर्ते, पलाझो, घरातले गाऊन मी घरीच शिवते. मंगलदास मार्केट, हिंदमाता, कुठे प्रवासाला गेलं की तिथलं हातमाग, असं कापड वर्षानुवर्षं जमवलेलं दिवाणात असतं. त्यातलंच हे पोचमपल्ली इकत, साडेतीन मीटर, गडद निळं. हातमागाचं कापड पुन्हा त्याच दुकानात गेलं तरी त्याच रंगाचं मिळेलच असं नसतं, ज्या साठवतात त्यांना हे सांगायला नको.

साधा कुर्ता आपण मापावरून बेततो, क्लासमध्ये शिकवलेलंच असतं. पण शर्ट ड्रेस, स्टँड कॉलर, पुढे पूर्ण बटणपट्टी असलं काही करायचं तर तयार पॅटर्न बरा पडतो. ए फोरच्या पानांवर प्रिंट काढायची, पानं चिकटवायची, आपल्या साइजच्या रेषेवर कापायचं की झालं. चांगल्या परदेशी डिझायनरचा एक पॅटर्न घ्यायचा तर हजाराच्या आसपास जातात, त्यामुळे ४९९ मध्ये सगळंच म्हटलं की कोणालाही बघावंसं वाटणारच, आणि यांचा सगळा धंदा त्यावरच चाललाय.

आता यांची पद्धत बघा. आधी एक पॅटर्न फुकट देतात, 'शिवून बघा, आवडलं तरच घ्या'. मला बिनबाह्यांच्या टॉपचा दिला. एका कटपीसवर शिवला, छान बसला, मुंढा, म्हणजे बाही लागते तो भाग, कुठे ओढत नव्हता, गळा उघडा पडत नव्हता. मग यूपीआयने पैसे भरले आणि ड्राइव्हची लिंक आली. त्यातला शर्ट ड्रेस निवडला. पॅटर्नवर टेस्ट स्क्वेअर, म्हणजे प्रिंट बरोबर मापात आलीय का ते बघायचा चौकोन, नव्हता म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंही, तर उत्तर आलं 'मॅम हंड्रेड परसेंट स्केलवर प्रिंट करा, परफेक्ट येईल'. झेरॉक्सवाल्याकडून तशीच प्रिंट काढली, कागदावर छाती आणि कंबर मोजली, चार्टशी जुळली, आणि कापड कापलं.

बाही लावायला घेतली तेव्हा सगळं बाहेर आलं. पुढचा मागचा मुंढा मिळून साडेएकोणीस इंच आणि बाहीचा वरचा गोल जेमतेम सतरा! न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला बाहीचा गोल मुंढ्याएवढा किंवा त्याहून थोडा जास्त लागतो, ती जास्तीची लांबी आपण हलकी चुणत जिरवतो, पण अडीच इंच कमी असलेली बाही कशी जिरवणार. मग मी सगळे तुकडे टेपने मोजत बसले. पुढचा खांदा पाच इंच आणि मागचा सव्वाचार. फोटोत पाठीवर योक, म्हणजे खांद्याखालची वेगळी जोडलेली पट्टी, दिसतोय, पॅटर्नमध्ये योकचा तुकडाच नाही. सूचनांमध्ये 'मागे झिप लावा' आणि फोटोत पुढे वरपासून खालपर्यंत बटणं. फोटो झूम करून बघितला तर काजं आणि बटणं एका रेषेत नव्हती आणि खिशाची शिलाई मध्येच गायब. म्हणजे असा ड्रेस कोणी कधी शिवलेलाच नाही, फोटो कॉम्प्युटरने बनवलेला आणि आतमध्ये कुठल्यातरी भलत्याच पॅटर्नचे तुकडे भरलेले.

मग तो फुकटचा टॉप एवढा चांगला कसा बसला? तेही शोधलं. गूगल लेन्सवर त्याचा फोटो टाकला तर एका परदेशी डिझायनरची साइट निघाली, ती बाई तो पॅटर्न स्वतःच फुकट देते. यांनी फक्त पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या नावावर पांढरा चौकोन टाकलाय. नमुना चोरीचा, म्हणून अस्सल. बाकीच्या फाइल मी जेवढ्या उघडून मोजल्या त्यातल्या बऱ्याच अशाच भंगार निघाल्या. म्हणून सांगते, फुकटचा पॅटर्न चांगला बसला यावरून बाकीच्या बंडलबद्दल काहीही ठरवू नका.

रिफंड मागितला तर आधी 'डिजिटल प्रॉडक्टवर रिफंड नसतो'. हे साफ खोटं आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विकणाऱ्याला पैसे परत नाकारता येत नाहीत, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला लागतं. मी हे लिहून पाठवल्यावर एकदम गोड भाषा सुरू झाली. 'रिफंड टीम'मधून फोन आला, क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका की ४९९ जमा होतील म्हणे. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर काय, तर ४,९९९ पे. मी तिथेच बंद केलं. पण आमच्या शिवणाच्या ग्रुपमधल्या एका ताईंचे असेच पैसे गेलेत, त्या बिचाऱ्या बोलत पण नव्हत्या कोणाला. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार, समोरचा कितीही सभ्य बोलत असला तरी.

कोणाचे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त. माल खोटा निघाला असेल तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन. यूटीआर नंबर (पैसे भरल्याच्या व्यवहाराचा नंबर), जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा, कारण हे लोक चॅट डिलीट करतात, माझ्याकडचे अर्धे मेसेज 'डिलीटेड' दिसतायत.

आणि पॅटर्न कुठूनही घ्या, कापडाला कात्री लावायच्या आधी कागद मोजा. टेस्ट स्क्वेअर नसेल तर मी तरी आता पुढे जाणार नाही. तो असेल तर पट्टी लावून बघा, झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' चालू राहिलं की सगळंच बारीक येतं. मग पुढचा खांदा मागच्याला लावून बघा, मागचा किंचित मोठा चालतो, लहान नाही. बाजूच्या शिलाया सारख्या लांबीच्या आहेत का, मुंढा आणि बाहीचा गोल जुळतो का, हे शिलाईच्या रेषेवर मोजायचं, कापायच्या रेषेवर नाही, म्हणजे आधी माया, शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड, किती धरलीय ते कळायला हवं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या कागदी पॅटर्नमध्ये माया बहुतेक पाच अष्टमांश इंच असते, बुर्डा या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नमध्ये बहुतेक धरलेलीच नसते, पण कुठेतरी ते लिहिलेलं असतं. यांच्या फाइलमध्ये मायेचा उल्लेखच नव्हता, उभ्या धाग्याचा बाण नाही, जुळवायच्या खुणा नाहीत. दहा रुपये पानाची प्रिंट काढायच्या आधी पीडीएफ उघडून एवढं तर मोबाईलवरही दिसतं. नवीन विकणारा असेल तर मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर बाहीसकट पूर्ण शिवून बघा.

फुकट आणि खरे पॅटर्न हवे असतील तर फ्रीसुइंग नावाची वेबसाइट आहे, आपली मापं टाकली की त्या मापाचा पॅटर्न मिळतो, ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत.

माझी तक्रार नोंदवून झालीय, पुढे काही झालं की कळवते. त्या पेजचं नाव आता बदललंय पण जाहिरात तीच चालू आहे, निळा शर्ट ड्रेस घातलेली मुलगी, डाव्या खिशाची शिलाई अर्धवट, वर '४९९ ओन्ली टुडे'. दिसली तर रिपोर्ट करा आणि ग्रुपमध्ये ज्या नव्याने शिवायला लागल्यात त्यांना दाखवा.