कानाच्या मशीनचे नऊ महिने

गेल्या जूनमध्ये दोन्ही कानांना मशीन घेतलं. वय 71, राहणार सातारा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त. पावसाळा, दिवाळी आणि घरातलं एक लग्न अशा सगळ्यांत वापरून झालं, म्हणून आता लिहिते.

मला कमी ऐकू येतं हे मी पाच वर्षं मान्यच केलं नाही, कारण आवाज तर यायचा! शब्द लागायचा नाही. सूनबाई स्वयंपाकघरातून 'साखर संपली' म्हणाली की माझ्यापर्यंत 'आखर अंपली' एवढंच पोचायचं. ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा असला की ऐकू येतो त्याचा आलेख, काढल्यावर त्याचं कारण समजलं. खालच्या पट्टीत, 500 हर्ट्झला, माझा कान 30 डेसिबलवर ऐकत होता. वरच्या पट्टीत, 4000 हर्ट्झला, मात्र 65 लागत होते. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि नाजूक. वयानुसार आधी वरची पट्टीच जाते. घरचे ओरडून बोलायचे तेव्हा स्वरच मोठे व्हायचे, 'स' तिथेच राहायचा. जन्मभर मुलांना उच्चार शिकवले, पण ही गोष्ट मला सत्तरीत कळली.

पहिली खरेदी फसली. एका दुकानात दहा मिनिटांत तपासणी उरकली आणि 'एकाच कानाला पुरेल' म्हणून मशीन हातात ठेवलं. ते घातलं की ताटल्या डोक्यात आपटल्यासारख्या वाजत. दोन महिन्यांनी ते कपाटात गेलं. दुसऱ्या वेळी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी बंद खोलीत तपासलं, मशीन घातलेल्या कानात बारीक नळी सोडून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजलं, आणि मग संगणकावर मशीन लावलं. शिवाय तीन महिन्यांत चार वेळा बोलावलं. माझ्या मते पैसे या चार फेऱ्यांचे असतात. मशीन बघण्याआधी, बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे जरूर विचारा.

पहिले पंधरा दिवस जड गेले. पंखा, नळ, प्लास्टिकची पिशवी, साडीची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटायचा. मी रोज तासभर वाढवत नेलं आणि महिन्याभरात सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घालू लागले. पाहुणे आले की घालायचं आणि गेले की काढायचं, असं करणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोघींना अजून त्याची सवय झालेली नाही. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हावे लागतात, त्याला सलग दिवस लागतात.

आणि एके दिवशी फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू आली. कित्येक वर्षं मी वासावरून अंदाज घेत होते, त्यात फोडणी करपायची. त्या दिवशी गॅस बंद करून मी कढईपाशी तशीच उभी राहिले.

रोजची निगा मनापासून करावी लागते. माझ्या मशीनला 312 नंबरच्या बॅटऱ्या लागतात, तपकिरी चिकटपट्टीच्या. पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्यायची, मग बसवायची. साधारण आठवडा जाते. माझी बोटं आखडतात, म्हणून साफ करायच्या ब्रशच्या टोकाला असलेल्या चुंबकाने उचलते. हे जमत नसेल त्यांनी चार्जिंगचं घ्यावं. पावसाळ्यात डावं मशीन दोनदा बंद पडलं. तेव्हापासून रात्री बॅटरीचं दार उघडून, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या झाकणबंद डबीत ठेवते. पुन्हा तक्रार नाही. आवाज एकदम बसला तर आधी मळ अडवणारी जाळी बदलून पाहा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. चष्मा काढताना मात्र सावध राहा, काडीबरोबर मशीन निघून येतं.

जे जमत नाही तेही सांगते. मंगल कार्यालयात बँड आणि पंगत चालू असताना समोरच्याचंच कळतं, पलीकडच्याचं नाही. झांजा अजून टोचतात. दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो. घरात आम्ही ठरवलंय की दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही, आधी हाक मारायची. नातू हा नियम सगळ्यांत चोख पाळतो.

दोन्ही मिळून मला 78,000 लागले, ही रक्कम लहान नाही. मुंबईकडच्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या संस्थेत चौकशी करावी. कमी उत्पन्न असलेल्या 60 वर्षांवरच्या लोकांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरांत श्रवणयंत्र मिळतं.

तपासणीला घरचं माणूस बरोबर न्या. मी 'सगळं ठीक' म्हणत होते. आमच्या ह्यांनीच बाईंना सांगितलं, की मी पाठमोरी असले तर उत्तर देत नाही. उजव्या कानाची वरची पट्टी त्यांनी तेव्हाच वाढवली.