पाच महिने, आठवड्यातून तीनदा: स्किन डिपार्टमेंटच्या लाइटचा अनुभव

मला सोरायसिस आहे, म्हणजे त्वचेवर पापुद्रे सुटणारे चट्टे उठतात, कोपर, पाठ आणि पाय. मलमांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं, मग डॉक्टर म्हणाल्या आता लाइट देऊन बघू. पाच महिने झाले जातोय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी 'त्वचा व गुप्तरोग विभाग' ही पाटी बघून आधी रांगेत ओळखीचं कोणी नाही ना हे बघितलं, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं ही जोडी जुनीच आहे, सिफिलिसचे चट्टे अंगावर उठायचे म्हणून ते पेशंट त्वचेच्या डॉक्टरांकडे यायला लागले ते कायमचे.

मशीन म्हणजे उभं कपाट, आत सगळीकडून ट्यूब, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा. मला हे एकदम नवीन वाटलेलं पण उजेडाने त्वचेचा टीबी बरा करण्यासाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ मध्येच नोबेल मिळालंय! नंतर १९७० च्या दशकात पुवा नावाचा उपचार आला, त्यात यूव्ही किरणांच्या आधी सोरालेनची, म्हणजे त्वचेवर किरणांचा परिणाम वाढवणाऱ्या औषधाची, गोळी घ्यायची, ह्यात ती भानगड नाही. गॉगल लावायचा, नाजूक भाग झाकायचा, उभं राहायचं. सुरुवातीला काही सेकंदच, बाहेर आल्यावर वाटलं बस एवढंच? मग अंग लाल झालं नाही तर दर वेळी थोडं थोडं वाढवतात.

टेक्निशियन कडक आहे. एकदा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम लावून गेलो तर सरळ परत पाठवलं, ते यूव्ही अडवतं म्हणे. दहा-बारा दिवस दांडी मारली तर डोस खाली आणला, मी वैतागलो, पण मधल्या काळात त्वचेची सवय मोडते आणि जुन्याच डोसने भाजू शकतं हे त्याने नीट समजावलं. खरं सांगू, ह्या माणसामुळेच मी टिकलो.

तक्रारी आहेतच. मशीन एकच, बंद पडलं की दोन-तीन सिटिंग गेली. कपडे बदलायचा पडदा पूर्ण ओढला जात नाही, इतक्या साध्या गोष्टीसाठी तीनदा सांगितलं, अजून तसाच. नोकरी करणाऱ्याला आठवड्यातले तीन दिवस काढणं सोपं नाही ते वेगळंच.

पाठ जवळजवळ साफ, कोपरांवरचे पापुद्रे गेले, फक्त रंग काळपट झालाय. गुडघ्याखाली मात्र ढिम्म. सिस्टर म्हणाल्या, पाय सगळ्यांचेच उशिरा ऐकतात.