क्रीडा कायद्यातलं एलएलएम: नॉटिंगहॅम, मिलवॉकी की आपलं भोपाळ?

भाचीचं एलएलबी यंदा झालं आणि तिने जाहीर केलं, "मामा, मला स्पोर्ट्स लॉ करायचाय." इंदूरच्या मराठी घरात क्रिकेटचं कौतुक मुरलेलं असतं, होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याचं आमच्याकडे दर गणपतीत एकदा तरी निघतंच. तरी आजीने विचारलं, "म्हणजे अंपायरवर केस करणार का गं?"

आजीला हसू नका. पंचाने मैदानावर दिलेल्या निर्णयात, पक्षपात किंवा लबाडी झाल्याचा पुरावा नसेल तर, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं क्रीडा लवाद न्यायालयही (सगळे त्याला कॅस म्हणतात) हात घालत नाही. खरे खटले मैदानाबाहेरचे: निवड, उत्तेजक चाचणी, करार, संघटनेच्या निवडणुका, प्रक्षेपणाचे हक्क. या पाचांपैकी तुम्हाला कशात काम करायचंय, यावर कुठे शिकायचं ते ठरतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात थेट क्रीडा कायद्याचं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) आहे, एका वर्षाचं. युरोपात खेळाचा कायदा प्रामुख्याने फुटबॉलवर पोसला गेला. १९९५ च्या बोस्मान निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपियन युनियनमध्ये हस्तांतर शुल्काविना क्लब बदलण्याची मुभा दिली आणि सगळा बाजार पालटला. खेळाडूंचे करार, एजंटांचे नियम, उत्तेजकविरोधी संहिता, कॅसचे निवाडे हे सगळं तिथे नीट शिकायला मिळतं. शिवाय आपल्या मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टरला शतक ठोकलं होतं, तेव्हा इंदूरकरांना इंग्लंड काही परकं नाही, असं भाचीचं म्हणणं. मुद्दा गोड आहे, पण बँक त्यावर कर्ज देत नाही. शुल्क, राहणं, व्हिसा, विमान सगळं धरून तीस लाखांच्या आसपास हिशेब मांडावा. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. कर्जाचा हप्ता पौंडांतल्या पगारावर फेडू, असं गणित असेल तर ते पुन्हा करा.

अमेरिकेत मिलवॉकीचं मार्केट (Marquette) विद्यापीठ या विषयात जुनं. तिथली राष्ट्रीय क्रीडा कायदा संस्था १९८९ पासून आहे आणि परदेशी वकिलांसाठी क्रीडा कायद्याचं वेगळं एलएलएमही. पण तिथला विषयच निराळा. खेळाडूंच्या युनियनचे सामूहिक करार, संघाच्या पगारावरची मर्यादा, मक्तेदारीविरोधी कायदा. पुढेमागे लीगच्या मालकांकडे नोकरी करायची असेल तर यातलं बरंच कामी येईल. कुस्तीगिराचं अपील चालवायचं असेल तर फारसं नाही. माद्रिदच्या आयएसडीई या कायदा शिकवणाऱ्या संस्थेचं नाव फुटबॉलवाले घेतात. 'फिफा मास्टर' हा तीन विद्यापीठांत फिरवणारा अभ्यासक्रम नावाजलेला, पण ते एलएलएम नव्हे; त्यात व्यवस्थापन आणि इतिहासही येतो, आणि जागा तीसेकच.

आता घरचा पर्याय. क्लॅट पीजी ही एलएलएमची सामायिक प्रवेश परीक्षा द्यायची आणि भोपाळ, गांधीनगर किंवा दुसऱ्या एखाद्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात एका वर्षाचं एलएलएम करायचं. पदवीवर 'क्रीडा' शब्द नसेल. विषय घ्यायचा घटनात्मक किंवा व्यापारी कायदा, आणि प्रबंध खेळावर लिहायचा. खर्च परदेशाच्या दहाव्या हिश्श्यात बसतो. ज्यांना महाविद्यालयात शिकवायचंय त्यांनी तर याचाच आधी विचार करावा, कारण परदेशातल्या एका वर्षाच्या एलएलएमला इथे समकक्षता मिळवताना दमछाक होते.

माझा कौल या तिसऱ्या वाटेला आहे, आणि कारण पैशाचं नाही. २००५ च्या झी टेलिफिल्म्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बीसीसीआय म्हणजे घटनेच्या अनुच्छेद १२ मधलं 'राज्य' (म्हणजे सरकार किंवा सरकारी संस्था) नव्हे, तरी अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन जायला उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. आपल्याकडचे क्रीडा खटले वर्षानुवर्षं याच दाराने आले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने आता राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे; न्यायाधिकरणावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात. त्याच वर्षीच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली आणि जर्सीवरचे कितीतरी प्रायोजक रातोरात गेले. नवा कायदा, कोरी पाटी. हे नॉटिंगहॅमच्या वर्गात कोण शिकवणार?

विनेश फोगाटचं प्रकरण भाचीनेच काढलं. २०२४ चं पॅरिस, ५० किलो गट, १०० ग्रॅम जास्त, आणि कॅसने अपील फेटाळलं. "असा खटला चालवायला परदेशी पदवी नको का?" नको, असं मी म्हणत नाही. पण तो खटला चालवणाऱ्याला कॅसचे नियम जसे पाठ लागतात, तशी वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहून आलेली सवयही लागते. शिवाय परदेशातली यातली कुठलीही पदवी आपोआप तिथली सनद देत नाही. दोन-तीन वर्षं इंदूर खंडपीठात काळा कोट घामाने भिजवून मग नॉटिंगहॅमला गेलेला माणूस तिथे प्रश्न तरी बरोबर विचारेल.

अपवाद एकच सांगतो. घरचा पैसा आहे, फुटबॉलचाच नाद आहे आणि परत यायचंच नाही, त्याने माझं ऐकू नये.

भाचीने क्लॅटचा फॉर्म भरलाय. नॉटिंगहॅमची माहितीपुस्तिका अजून तिच्या टेबलावर आहे, पण तिच्यावर आता एका जिल्हा क्रीडा संघटनेच्या घटनेची झेरॉक्स पडलेली असते. काल रात्री तिने त्यात अध्यक्षांच्या मुदतीचं कलम लाल पेनाने खोडलेलं दाखवलं. कुणी खोडलं, कुठल्या सभेत, ठराव आहे का, हे ती आज विचारायला गेली आहे.